सागवानावरचा पांढरा गोल

चौतीस वर्षांत आपल्या नजरेखालून एकही खराब नग कंपनीच्या गेटबाहेर गेला नाही, असं दौलतराव कुणालाही, न विचारता, सांगत. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मशिनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि ओरखडा दिसला की त्याच्याभोवती गोल मारायचा, हे त्यांचं काम. गोलाखाली सही, तारीख, शिफ्ट आणि ज्यानं तो जॉब बिघडवला त्या ऑपरेटरचं नाव. यातलं एक जरी राहिलं तरी ते नोंद मानायचे नाहीत. 'अर्धी नोंद चालत नाही,' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की वर्कशॉपातली पोरं त्यांना पाठीमागं 'अर्धी नोंद'च म्हणत.

ही शिस्त त्यांनी घरीही आणली. मुलगी वर्षाली तिसरीत असताना तिच्या वहीतल्या चुकलेल्या वजाबाकीला त्यांनी लाल गोल मारला आणि खाली लिहिलं, 'दुसरी शिफ्ट, ऑपरेटर वर्षाली.' दुसऱ्या दिवशी बाईंनी तिच्या आईला, सुमनताईंना, शाळेत बोलावून घेतलं आणि घरी सगळं ठीक चाललंय ना, असं हळूच विचारलं.

आता तीच वर्षाली चाकणला एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे आणि दौलतराव रिटायर होऊन तीन वर्षं झालीत. रिटायर झालेला इन्स्पेक्टर घरात फार वाईट. तपासायला काही उरलं नाही की तो दुरुस्तीकडे वळतो. दौलतरावांनी घरची बेल दुरुस्त केली, तेव्हापासून बाहेर कुणी बेल दाबली की आत मोरीतला दिवा लागतो. सुमनताईंना आता त्याची सवय झालीय. मोरी उजळली की त्या दार उघडतात.

म्हणूनच वर्षालीनं आणि जावई निरंजननं मोशीत फ्लॅट घेतला आणि त्याची किल्ली दौलतरावांकडे दिली, तेव्हा अट स्पष्ट सांगितली. दोघंही दिवसभर चाकणला; नळवाला, सुतार, पडदेवाला यायचे, त्यांना दार उघडायला कुणीतरी हवं होतं.

"बाबा, दार उघडायचं, दार लावायचं. मधे काही करायचं नाही. एक जरी गोष्ट बिघडली तर किल्ली परत."

ती किल्ली दौलतराव शर्टाच्या वरच्या खिशात ठेवत, पूर्वी जिथं त्यांचं माप तपासायचं गेज असायचं तिथं. रोज सकाळी आठच्या बसनं भोसरीहून मोशीला जात. कुणीतरी आपली वाट बघतंय, मग तो नळवाला का असेना, या एका गोष्टीनं ते पुन्हा रोज दाढी करायला लागले होते. सुमनताईंच्या हे लक्षात आलं होतं, पण त्या बोलल्या नव्हत्या.

फ्लॅटमध्ये सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे हॉलची जमीन. वर्षालीनं हट्टानं अस्सल सागवानाच्या फळ्या बसवून घेतल्या होत्या. आयुष्य शहाबादी फरशीवर गेलं, नोकरी लोखंडात चाललीय, घरी तरी पाय लाकडावर पडू देत, असं तिचं म्हणणं. रविवारी वास्तुशांत होती. गुरुवारी दौलतराव पोचले, तेव्हा ती जमीन अशी चमकत होती की त्यांनी चपला दाराबाहेरच नव्हे, जिन्याच्या कडेला काढल्या.

समोरच्या फ्लॅटमध्ये कस्तुराबाई राहत. मूळच्या निघोज्याच्या, मुलगा बुद्धभूषण बँकेत लागला आणि त्यानं आईला इथं आणलं. रोज नवाला त्या दौलतरावांना लहानशा पातेल्यात चहा आणून देत. त्या दिवशीही दिला. हॉलमध्ये एक प्लॅस्टिकची खुर्ची सोडली तर सामान नव्हतं. दौलतरावांनी चष्मा खिशात ठेवून, पेपर काखेत धरून, कढत पातेलं खुर्चीशेजारी जमिनीवर टेकवलं. चहा संपला. पातेलं उचललं. पेपर वाचायला चष्मा लावला आणि खाली नजर गेली.

पातेलं होतं तिथं पांढरा गोल उमटला होता. सुबक, पूर्ण, अगदी पातेल्याच्या बुडाएवढा.

दौलतरावांचा हात आपोआप वरच्या खिशाकडे गेला. किल्ली होती, अजून तरी.

घाबरणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. डिफेक्ट म्हटला की त्याला कारण असतं आणि कारण असलं की रिवर्क, म्हणजे दुरुस्ती, असतो. पाच वाजता लाकडाचं काम करणारा ज्ञानेश येणार होता आणि त्याच वेळी वर्षालीही पोचणार होती, एवढं तिनं आदल्या दिवशी सांगितलेलं. म्हणजे हातात साडेसात तास होते. साडेसात तासांत त्यांनी एके काळी दोनशे बेअरिंगं तपासली होती. एक गोल म्हणजे काहीच नाही, असं त्यांनी रिकाम्या हॉलला मोठ्यानं सांगितलं.

ओल्या रुमालानं पुसलं, गोल हलला नाही. कोरड्यानं पुसलं, तो जास्तच उठून दिसायला लागला. तेव्हा त्यांनी सुमनताईंना फोन लावला. जमिनीचं नाव काढायची सोय नव्हती, कारण सुमनताईंच्या पोटात गोष्ट भोसरीहून चाकणला पोचेपर्यंतसुद्धा राहत नाही. म्हणून नुसतंच विचारलं, की पांढरा डाग पडला तर कसा काढायचा.

डाग कपड्यावरच पडतात, हे सुमनताईंनी गृहीत धरलं. लिंबू-मीठ चोळा आणि उन्हात टाका, त्या म्हणाल्या. उन्हात टाकता येत नाही, हे म्हणाले. का, तर मोठा आहे. चादर आहे का, तर नाही, चादरीहून मोठा आहे. मग उलटा करून मागच्या बाजूनं घासा, असा सल्ला आला. दौलतरावांनी जमिनीकडे बघितलं. मागच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब राहत होतं.

"उलटा होत नाही," ते म्हणाले.

"मग अंगातच ठेवा आणि वरून इस्त्री फिरवा," सुमनताईंनी चिडून फोन ठेवला.

लिंबू, मीठ, इस्त्री यातलं रिकाम्या घरात काहीच नव्हतं. दौलतराव समोर गेले. कस्तुराबाईंकडून त्यांनी आधी लिंबू आणि मीठ आणलं. दहा मिनिटांनी खायचा सोडा आणला. मग टूथपेस्ट. कस्तुराबाईंनी लिंबू, मीठ, सोडा देताना काही विचारलं नव्हतं. माणूस दुपारच्या जेवणाचं काहीतरी करतोय म्हणून त्यांनी वर चार मिरच्याही दिल्या. टूथपेस्ट मागितल्यावर मात्र त्या हात पुसत मागोमाग आल्या.

हॉलच्या मधोमध दौलतराव गुडघ्यांवर बसून टूथपेस्टनं सागवान घासत होते. फेस आला होता. गोल फेसाखालून जसाच्या तसा बघत होता.

कस्तुराबाई वाकल्या, नखानं गोलाची कड खरवडून बघितली.

"दादा, ह्यो रंग हाय. डाग न्हाई."

दौलतराव हसले, समजूतदारपणे. बाई, म्हणाले, मी चौतीस वर्षं हेच केलंय. उष्णतेनं पॉलिशखाली वाफ अडकते आणि ती पांढरी दिसते. कारण पातेलं, परिणाम गोल. यात रंग कुठून आला?

"मंग आमच्या पातेल्याला इतकं गोल बूड कधी आलं?" कस्तुराबाई म्हणाल्या. "तीन ठिकानी चेपलंय त्ये."

या मुद्द्याला उत्तर देणं दौलतरावांनी टाळलं आणि त्यांच्याकडे इस्त्री मागितली.

इस्त्रीची पद्धत खरी आहे, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ओलं फडकं टाकून वरून हलकी इस्त्री फिरवली तर वाफेचा पांढरा डाग खरोखर जातो. फक्त डाग वाफेचा लागतो. दौलतरावांनी फडकं टाकलं, इस्त्री टेकवली आणि त्याच वेळी खिशात फोन टिंग वाजला. वर्षालीचा व्हॉइस मेसेज. पाऊण मिनिटाचा. तिला कळलं की काय? घरात कॅमेरा तर नाही बसवला? ते छताच्या चारी कोपऱ्यांकडे बघत राहिले. मेसेज ऐकला तर उत्तर द्यावं लागेल आणि उत्तर खोटं द्यावं लागेल. त्यांनी फोन उलटा करून खुर्चीवर ठेवला.

या सगळ्यात इस्त्री जिथं होती तिथंच होती.

फडकं उचललं तेव्हा गोल होता तसा होताच, आणि शेजारी आता इस्त्रीचा एक टोकदार, धुरकट ठसाही आला होता. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. त्यानं फोन उचलला असता, मुलीला सांगितलं असतं, दोन शब्द ऐकून घेतले असते. दौलतरावांना ते शब्द ऐकायचे नव्हते. तीन वर्षं घरात बसून त्यांनी ते पुरेसे ऐकले होते. कुणी बोललं नाही तरी ऐकू येतात असे शब्द. बाबांना जमत नाही आता. बाबांना नका सांगू. ते उठले, पँट झटकली आणि कस्तुराबाईंकडे जाऊन भांडी घासायची तारेची घासणी आणि व्हिनेगरची बाटली मागून आणली. बुद्धभूषणच्या नूडल्ससाठी आणलेली बाटली होती ती.

तारेच्या घासणीनं मात्र चमत्कार केला. दहा मिनिटांत गोल गेला. इस्त्रीचा ठसाही गेला. पॉलिशही गेलं, पण दौलतरावांच्या मते ते किरकोळ होतं. खाली कोरं, पिवळसर लाकूड दिसायला लागलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कस्तुराबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. आता शेवटचा हात म्हणून घासणी व्हिनेगरमध्ये भिजवून त्या जागेवर ठेवली, वर ओलं फडकं टाकलं आणि सुमनताईंनी दिलेला डबा उघडला. जेवण झालं. खुर्चीत डोळा लागला. स्वप्नात वर्कशॉपचे मॅनेजर त्यांच्या गळ्यात हार घालत होते.

पावणेतीनला जाग आली. फडकं उचललं.

जमीन काळी होती. नुसती मळकट नाही, शाईसारखी काळी, आणि फडक्याच्या आकाराची, म्हणजे एका ताटाहून मोठी. एका फळीवरून ती तीन फळ्यांवर पसरली होती. त्यांनी पुसली. ती आणखी चकाकली. लिंबू लावलं, तर काळ्याभोवती फिकट कड उमटली आणि सगळं प्रकरण बैलाच्या डोळ्यासारखं दिसायला लागलं.

दौलतराव खुर्चीवर बसले. खरं सांगायचं तर त्यांना रडू आलं होतं. रविवारी पाहुणे येणार, होम पेटणार, आणि लेकीच्या नव्या हॉलच्या मधोमध बापानं केलेलं हे. किल्ली तर जाणारच. आठची बस जाणार. दाढीसुद्धा एक दिवसाआड होणार.

पण मग त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. हजार नगांत एकच नग वेगळा असला तर तो रिजेक्ट. हजारच्या हजार तसेच असले तर? तर त्याला डिफेक्ट म्हणत नाहीत, त्याला स्पेसिफिकेशन म्हणतात. एक असला तर डाग. चार असले तर डिझाइन!

कस्तुराबाई बाटली परत न्यायला आल्या, तेव्हा दौलतराव बाल्कनीच्या दाराशी टेपनं माप घेत होते. चारी बाजूंना समान अंतरावर चार काळे ठिपके, असा त्यांचा आराखडा होता. त्यांनी तो समजावून सांगितला.

कस्तुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"दादा, आता हितं थांबा," त्या म्हणाल्या. "मी सांगते पोरीला, पातेलं माझं व्हतं म्हनून."

हे ऐकून दौलतरावांना बरं वाटलं आणि त्याच क्षणी फार अपमानही वाटला. दुसऱ्याच्या नावावर रिजेक्शन टाकणं त्यांनी चौतीस वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, बाल्कनीच्या दाराशी घासणीनं पॉलिश काढलं, घासणी तिथंच ठेवली आणि वर उरलेलं व्हिनेगर ओतलं.

दुसरा ठिपका काळा झालाच नाही. तो निळसर-राखाडी झाला आणि एका बाजूला ओघळला. पहिला बैलाचा डोळा होता, तर हा आजारी बैलाचा. तिसऱ्याला व्हिनेगर पुरलं नसतं. दौलतराव विचार करत असतानाच बेल वाजली. सवयीनं त्यांनी आधी मोरीकडे बघितलं, मग दाराकडे.

दारात वर्षाली होती आणि तिच्यामागं ज्ञानेश, खांद्यावर एक नवी कोरी सागवानी फळी घेऊन.

वर्षाली आत आली, दोन पावलं चालली आणि थांबली. समोरचं दार उघडून कस्तुराबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. ज्ञानेशनं फळी हळूच भिंतीला टेकवली.

"बाबा," वर्षाली म्हणाली, "मी सकाळी पाठवलेला मेसेज ऐकलात?"

दौलतरावांनी खुर्चीकडे बघितलं. तिनं खुर्चीवरचा त्यांचा फोन उचलला आणि मेसेज लावला. तिचाच आवाज रिकाम्या हॉलमध्ये घुमला. बाबा, हॉलमध्ये खुर्चीशेजारी एका फळीला बारीक टवका उडालाय. मी काल संध्याकाळी कंपनीच्या मार्करनं त्याच्याभोवती पांढरा गोल मारून ठेवलाय, ज्ञानेशला सापडावा म्हणून. तो ती फळी गॅरंटीत बदलून देणार आहे. मार्कर पक्का आहे, पुसायला जाऊ नका, फळी टाकूनच द्यायचीय. आणि जेवून घ्या वेळेवर.

कस्तुराबाई उंबऱ्यातून शांतपणे म्हणाल्या, "रंग व्हता."

चौतीस वर्षं ज्यानं रोज गोल मारले, त्याला गोल ओळखता आला नव्हता. ज्ञानेशनं खाली बसून काळ्यावरून बोट फिरवलं आणि सांगितलं, की सागवानावर लोखंड आणि आंबट एकत्र आलं की असंच काळं पडतं. नवं फर्निचर जुनं दिसावं म्हणून काही लोक हे मुद्दाम करवून घेतात. पण गॅरंटी एका फळीची होती. आता इथल्या तीन आणि बाल्कनीपाशी तीन, अशा सहा बदलाव्या लागतील आणि बाकीच्या पाच गॅरंटीत बसत नाहीत.

दौलतराव उठून उभे राहिले. कान लाल झाले होते, पण आवाज कणखर होता.

"गोल मारला होतास तर सही कुठाय? तारीख कुठाय? असा नुसता गोल मारून ठेवला तर माणसानं काय समजायचं? तो गोल नाही, ती रांगोळी झाली."

वर्षालीनं फक्त हात पुढं केला, तळवा वर.

दौलतरावांनी वरच्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. खिसा एकदम हलका झाला. ते त्या खिशाकडेच बघत राहिले, जणू तिथं भोक पडलंय. वर्षालीनं ते पाहिलं. त्यांच्या पँटच्या काळ्या झालेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि साल निघालेल्या बोटांकडेही.

मग तिनं पर्समधून पांढरा मार्कर काढला, खाली बसली आणि पहिल्या काळ्या डागाभोवती भला मोठा गोल मारला. खाली सही केली. तारीख घातली. उठून दुसऱ्या डागालाही तसाच गोल, सही, तारीख.

"उद्या अकराला ज्ञानेश येणार फळ्या घेऊन," ती म्हणाली आणि किल्ली पुन्हा त्यांच्या खिशात टाकली. "दार उघडायचं, दार लावायचं."

"मधे काही करायचं नाही," दौलतराव म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला, नीट लावला आणि वाकून पहिला गोल तपासला. मान हलली, नापसंतीनं.

"शिफ्ट राहिली," ते म्हणाले. "ऑपरेटरचं नावही राहिलं. अर्धी नोंद चालत नाही." वर्षालीच्या हातातून मार्कर घेऊन ते पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि सहीच्या खाली, एकेक अक्षर गिरवत, लिहिलं: शिफ्ट जनरल, ऑपरेटर दौलतराव. चौतीस वर्षांत स्वतःचं नाव त्या जागी लिहायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. त्यांनी ते शाई वाळेपर्यंत वाचलं. वर्षाली तोंड फिरवून बाल्कनीकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. हसण्यानं की कशानं, ते मागून कळत नव्हतं.

मग ते तसेच सरकत दुसऱ्या, आजारी बैलाच्या डोळ्यापाशी गेले. मार्कर टेकवला, थांबले, आणि चष्म्यावरून दाराकडे बघितलं.

"हा काही नीट काळा झाला नाही. व्हिनेगरचा माल हलका होता," ते म्हणाले. "इथं सप्लायरचं नावही लागेल. कस्तुराबाई, तुमचं आडनाव काय?"